'हे गरीब माझे आहेत काय?' असे विचारणारा विचार समाजसुधारणेपर्यंत पोहोचला कसा?

प्रश्न : बाळकुमकर, ठाणे

आमच्या गृहसंकुलाच्या क्लबहाउसमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा-बारा जणांचा वाचनकट्टा भरतो. या खेपेस अमेरिकी विचारवंत राल्फ वाल्डो एमर्सन यांचा १८४१ सालचा 'सेल्फ-रिलायन्स' हा निबंध घेतला होता. शीर्षकाचे 'स्वावलंबन' असे भाषांतर मी करून नेले आणि पहिल्या पाच मिनिटांतच ते फसले, कारण आपल्याकडे स्वावलंबन म्हटले की वसतिगृहात आपले ताट आपण घासणे आठवते, आणि एमर्सन तर आपल्या अंतःकरणाला जे पटले तेच प्रमाण मानून, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता चालण्याविषयी बोलत आहेत. ज्याला माणूस म्हणून जगायचे आहे त्याने चाकोरी मोडलीच पाहिजे, हे त्यांचे म्हणणे सर्वांना आवडले. सबंध आयुष्य वरिष्ठांच्या शेऱ्यांखाली घालवलेल्या आम्हा निवृत्तांना जरा जास्तच आवडले.

वाद पेटला तो पुढच्या एका उताऱ्यावरून. तिथे एमर्सन म्हणतात की, सगळ्या गरिबांची स्थिती सुधारणे हे माझे कर्तव्य आहे असे मला कोणी सांगू नये. ते काय माझे गरीब आहेत? ज्यांचे माझ्याशी काही नाते नाही त्यांच्यासाठी दिलेला डॉलरच काय, सेंटसुद्धा मला जिवावर येतो, आणि भिडेखातर मी कधीमधी देतो ही माझी लाज वाटण्यासारखी दुर्बलता आहे. हे वाचून झाले तेव्हा येऊरच्या पाड्यांवरील मुलांना कित्येक वर्षे शिकवणाऱ्या आमच्या एक काकू काही न बोलता उठल्या, झेरॉक्सच्या कागदांची त्यांनी नीट चौघडी घातली, ती पर्समध्ये ठेवली आणि त्या निघून गेल्या. त्यांच्या जाण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

माझा प्रश्न असा आहे. ज्या मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्ड गावात बसून एमर्सन हे लिहीत होते, त्याच गावातून आणि त्याच पिढीतून गुलामगिरीविरुद्धचा आवाज उठला, एमर्सन यांचे स्नेही लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी कर नाकारून तुरुंग पत्करला, आणि शेजारच्याच राज्यात स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी झाली. 'माझे मी पाहीन' म्हणणारा व्यक्तिवाद आणि 'दुसऱ्याचे दुःख माझे' म्हणणारी सुधारणा ही दोन टोके एकाच मुळातून फुटली, की ती योगायोगाने एका अंगणात वाढली?

हा प्रश्न मला केवळ पुस्तकी वाटत नाही, हेही कबूल करतो. गेल्या वर्षी संकुलातील उत्सवाची वर्गणी पावतीवर 'ऐच्छिक' अशी छापलेली होती, परंतु ती न देणाऱ्यांचे सदनिका क्रमांक लिफ्टशेजारच्या फलकावर लावले गेले. उत्सवाला माझा विरोध नव्हता. ऐच्छिक या शब्दाची अशी थट्टा मला मान्य नव्हती, म्हणून मी दिली नाही. माझा क्रमांक त्या फलकावर अकरा दिवस होता. कोणी भांडले नाही, कोणी टोमणा मारला नाही. फक्त लिफ्टमध्ये शिरलो की आतली माणसे एकदम मजल्यांचे आकडे निरखू लागत. बाराव्या दिवशी मी पैसे भरले. एमर्सन वाचताना मला राहून राहून तो फलक आठवत होता.

प्रतिसाद १ : खाडीपलीकडचा, वाशी

बाळकुमकर साहेब, तो उतारा काकूंना झोंबला यात नवल नाही, तो झोंबावा म्हणूनच लिहिलेला आहे. परंतु त्याच्या पुढची ओळ आपल्या वादात निसटलेली दिसते. ज्यांच्याशी माझे आत्म्याचे नाते आहे अशी काही माणसे आहेत, त्यांच्यासाठी वेळ पडल्यास मी तुरुंगातही जाईन, असे एमर्सन तिथेच म्हणतात. त्यांचा रोख गरिबांवर नसून यादीवर आहे. त्या काळच्या बोस्टनमध्ये दारूबंदीपासून धर्मप्रसारापर्यंत शेकडो मंडळे निघाली होती आणि प्रत्येकाची वर्गणीची वही होती. शेजाऱ्याने अमुक आकडा घातला म्हणून आपणही तो घालणे, ही एमर्सन यांच्या मते दया नव्हे, तीही चाकोरीच. आपल्या लिफ्टशेजारचा फलक त्यांना लगेच ओळखू आला असता.

हा माणूस स्वतः चाकोरी मोडून आलेला होता. प्रभुभोजनाचा विधी मनाला पटेना म्हणून १८३२ साली त्यांनी बोस्टनच्या चर्चमधील धर्मोपदेशकाची नोकरी सोडली. १८३८ साली चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीवरून हाकलण्याविरुद्ध त्यांनी राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरेन यांना खरमरीत उघडे पत्र लिहिले. ते वाया गेले, ही गोष्ट वेगळी. मात्र १८४१ साली जॉर्ज रिप्ली यांनी ब्रुक फार्म ही सामुदायिक वसाहत काढली आणि एमर्सन यांना आग्रहाचे बोलावणे केले, तेव्हा ते गेले नाहीत. माझे स्वतःचे खुराडे अजून माझ्याकडून जिंकले गेलेले नाही, त्याचा वेढा उठवून बाबिलोन घ्यायला कुठे निघू, अशा अर्थाचे त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवले आहे. संस्था काढून माणूस सुधारत नाही, ही त्यांची ठाम समजूत होती, आणि तिच्यात आळसाचा थोडा अंश होता असे मला नेहमी वाटत आले आहे.

त्यांना खुराड्याबाहेर काढले ते सरकारने. १८५० साली पळून आलेल्या गुलामांविषयीचा जो कायदा झाला त्याने उत्तरेतील प्रत्येक नागरिकाला, हुकूम होताच, पळालेल्या माणसाला पकडून देण्यास मदत करणे बंधनकारक केले. आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. निवाडा करणाऱ्या कमिशनरला, माणूस मालकाकडे परत पाठवला तर दहा डॉलर आणि मोकळा सोडला तर पाच डॉलर, असे शुल्क ठरले होते. आता कॉन्कर्डच्या सज्जनाला नुसते बघ्या राहण्याचीही सोय उरली नाही, कारण कायदा त्याचाच हात मागायला दारात आला होता. लिहितावाचता येणाऱ्या माणसांनी एकोणिसाव्या शतकात हा घाणेरडा कायदा केला, मी तो पाळणार नाही, असे एमर्सन यांनी रोजनिशीत देवाची शपथ घेऊन लिहिले, आणि १८५१ साली ते गावात त्याविरुद्ध जाहीरपणे बोलले. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे: ज्याने स्वतःच्या सदसद्विवेकाला सर्वांत वरचे आसन दिले आहे, तो दुसऱ्याच्या दुःखाने कदाचित हलणार नाही, पण त्या दुःखात त्याला भागीदार करू पाहाल तर तो पेटून उठेल.

थोरोंनी हे आधीच ओळखले होते. मराठीत 'हात झटकणे' हा दोष समजला जातो आणि थोरोंवर तो सहज ठेवता येईल. परंतु त्यांचे म्हणणे नीट पाहिले तर ते हात बरबटू न देण्याविषयी आहे. अन्याय समूळ उपटण्याला प्रत्येकाने वाहून घ्यावे असे नाही, पण मी दुसऱ्याच्या खांद्यावर बसून आपले उद्योग करत असेन तर आधी मला त्याच्या खांद्यावरून खाली उतरले पाहिजे, एवढे त्यांचे मागणे आहे. गुलामगिरी पाळणाऱ्या आणि मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या सरकारला त्यांनी डोईपट्टी दिली नाही आणि जुलै १८४६ मध्ये, दुरुस्तीला टाकलेला बूट आणायला गावात गेले असता, त्यांना अटक झाली. त्याच रात्री कोणीतरी परस्पर कर भरला. सकाळी बाहेर पडल्यावर त्यांनी बूट घेतला आणि मंडळी जमवून, आपण येऊरला करवंदे काढायला जावे तसे, ते टेकडीवर रानफळे वेचायला गेले.

आपल्याला उपयोगी पडेल असा तपशील पुढेच आहे. रस्त्याचा कर थोरो न चुकता भरत असत, कारण वाईट प्रजाजन होण्याची त्यांना जितकी हौस होती तितकीच चांगला शेजारी होण्याचीही होती. चर्चच्या नावाने आलेली पट्टी मात्र त्यांनी पूर्वीच नाकारली होती, आणि ज्या मंडळात मी स्वतःहून सामील झालो नाही त्याचा सभासद मला समजू नये, असे लेखी कळवले होते. तेव्हा देखभाल शुल्क वेळेवर भरावे, वर्गणीला नकार लेखी आणि कारणासह द्यावा. आपला नकार अकरा दिवस टिकला पण तो मुका होता.

प्रतिसाद २ : ऐरोलीचा पूल

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, तरी त्याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट मला मान्य नाही. आपले हात स्वच्छ ठेवण्याची चिंता ज्याला करता येते तो मुळात खांद्यावर बसलेला माणूस असतो. खाली असलेल्याचे काय?

१८४६ हे साल पुन्हा पाहू. जुलैमध्ये थोरोंचा कर कोणीतरी भरला. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रेडरिक डग्लस यांच्या इंग्लंडमधील स्नेह्यांनी पैसे गोळा करून त्यांच्या मालकाकडून त्यांची मुक्तता विकत घेतली. १८३८ साली पळून सुटलेल्या डग्लस यांनी १८४५ साली आपले आत्मचरित्र नावानिशी छापले होते आणि त्यामुळे कोणत्याही दिवशी पकडले जाण्याचा धोका ओढवून घेतला होता. या खरेदीवर गुलामगिरीविरोधी गोटातीलच काही शुद्धतावाद्यांनी टीका केली, की पैसे देणे म्हणजे माणूस ही मालमत्ता असल्याचे मान्य करणे होय. तत्त्व चोख आहे. ते पाळायचे कोणाच्या पाठीवर, एवढाच प्रश्न आहे. विल्यम लॉइड गॅरिसन यांच्यासारखा निधडा सुधारक, ज्याला १८३५ साली बोस्टनमध्ये जमावाने दोरी बांधून रस्त्यातून ओढले, तोसुद्धा शेवटी गुलामधन्यांशी असलेले संघराज्य मोडा, असे म्हणू लागला. म्हणजे आपले हात धुतले जातील आणि दक्षिणेतील माणसे आहेत तिथेच राहतील. डग्लस यांनी १८५१ साली ही वाट सोडली, राज्यघटनेचाच आधार घेऊन राजकारणात उतरायचे ठरवले, आणि मागणी केल्याशिवाय सत्ता काहीही सोडत नाही, असे १८५७ मध्ये बजावले. मागणी करायला माणसे जमवावी लागतात, आणि माणसे जमली की यादी आलीच.

इथे आपल्याकडचा धागा जोडल्यावाचून राहवत नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामगिरी नाहीशी करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, हे आपण जाणतोच. त्याहून नेमके उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९३६ सालच्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात आहे, जे लाहोरला व्हायचे होते आणि झालेच नाही. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात ते अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते, आणि या भाषणात ड्यूईंचा ऋणनिर्देश आहे. त्यात ते म्हणतात की समूहाचे दंडक, समूहाची सत्ता आणि समूहाचे हित यांच्यासमोर व्यक्तीने आपले मत आणि आपले स्वातंत्र्य ठामपणे मांडणे ही सर्व सुधारणेची सुरुवात असते. इथवर एमर्सन यांनीही मान डोलावली असती. परंतु ती सुधारणा पुढे चालणार की नाही, हे समूह त्या व्यक्तीला किती वाव देतो यावर अवलंबून असते, असे ते लगेच जोडतात, आणि जातीच्या हाती बहिष्काराचे हत्यार असल्यामुळे आपल्याकडे तो वाव कसा नाही, हे दाखवतात.

एमर्सन यांना नोकरी सोडल्यावर व्याख्यानांचे व्यासपीठ मिळाले. आपल्याकडे चाकोरी मोडणाऱ्याचे पाणी तुटत असे. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ते हत्यार अजून किती धारदार आहे ते समजावे. म्हणून महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब एकटे जाऊन प्याले नाहीत. हजारो माणसे बरोबर होती. आपल्या फलकावरील एकटा क्रमांक बाराव्या दिवशी का उतरला, याचे कारण आपल्या स्वभावात शोधू नका.

प्रतिसाद ३ : नेरूळची पाणथळ

दोन्ही प्रतिसादांत बाई एकही नाही, ती मी आणते.

१९ आणि २० जुलै १८४८ या दोन दिवशी न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स येथे स्त्री-हक्कांची परिषद भरली. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी तिथे मांडलेला जाहीरनामा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्राच्या साच्यावर बेतलेला होता. फक्त राजाच्या जागी पुरुष घातला होता. ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. मताधिकाराचा ठराव तेवढा एकमताने झाला नाही, आणि त्याची बाजू घेऊन उभे राहिले ते फ्रेडरिक डग्लस. पुढे वर्तमानपत्रांनी टिंगल सुरू केल्यावर काही जणींनी आपल्या सह्या मागे घेतल्या. बाळकुमकर दादा, आपला बारावा दिवस इतिहासात एकटा नाही.

याच स्टँटन १८९२ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोलल्या तेव्हा त्यांनी व्यक्तिवादाचे जे समर्थन केले ते मला एमर्सन यांच्यापेक्षा खोल वाटते. प्रत्येक जीव आपापल्या नावेत एकटा आहे. वादळ आले की नवरा, बाप, भाऊ कोणीही तिच्या जागी सुकाणू धरू शकत नाही. तेव्हा तिला दिशा पाहायला, नाव हाकायला आधीच शिकवून ठेवले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. एकटेपण ही चैन नव्हे, ते कोणालाही न चुकणारे आहे, आणि हक्क मागायचे ते त्यासाठी. माझ्या आईला वडिलांमागे बँकेतील पैसे काढण्याची पावती भरता येईना, तेव्हा वाशीच्या एका शाखेत काउंटरसमोर उभी राहून ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर मला हे भाषण वाचताना आठवली.

परंतु स्टँटन यांना देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देणारी पंधरावी घटनादुरुस्ती स्त्रियांना वगळून पुढे आली, तेव्हा त्यांनी तिला विरोध केला आणि त्या रागात नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांविषयी अत्यंत हीन भाषा वापरली. १८६९ साली चळवळ दुभंगली. एका व्यासपीठावर खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले डग्लस आणि स्टँटन समोरासमोर आले. स्वतःच्या अंतःकरणाला प्रमाण मानणाऱ्याला त्याच अंतःकरणात साठलेला वर्णाचा अहंकार दिसेलच, याची हमी एमर्सन यांच्या निबंधात कुठेही दिलेली नाही.

प्रतिसाद ४ : तलावपाळी

इतक्या उंचीवर मी जाणार नाही. एवढेच सांगतो की विसाव्या शतकात हा शब्द दुसऱ्यांच्या हाती गेला. १९२८ च्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार हर्बर्ट हूवर यांनी 'रग्ड इंडिव्हिज्युअलिझम' म्हणजे रांगड्या व्यक्तिवादाचा जयघोष केला, पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, आणि १९३० साली ड्यूईंना जुना व्यक्तिवाद आणि नवा व्यक्तिवाद वेगळे करून सांगावे लागले. आजकाल 'सेल्फ-रिलायन्स' उद्धृत करणारे बहुतेक लोक कर कमी करा एवढेच म्हणत असतात. थोरोंनी रस्त्याचा कर भरला होता, हे त्यांना कोणी सांगत नाही.

बाळकुमकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ आणि २ यांतील भांडण मिटावे असे मला वाटत नाही. कायदा दारात येईपर्यंत एमर्सन थांबले, आणि ज्याच्या दारात तो जन्मापासूनच उभा होता त्याला थांबायला वेळ नव्हता, हा फरक मी त्या दिवशी कट्ट्यावर सांगू शकलो असतो तर काकू कदाचित बसून राहिल्या असत्या. त्यांना फोन केला होता. एमर्सन पुरेत, पुढचा कोण आणता आहात, असे त्यांनी विचारले. बाबासाहेबांचे ते भाषण आणि स्टँटन यांचे भाषण, दोन्ही मिळून एका बैठकीत घ्यावे असे ठरले आहे; भाषांतर या वेळी काकू तपासणार आहेत.

वर्गणीबाबत व्यवस्थापन समितीला पत्र लिहून ठेवले आहे. ते देण्याआधी तळमजल्यावरच्या आणखी दोन सभासदांना दाखवले. एकाने सही केली, दुसऱ्याने उत्सवानंतर पाहू म्हटले.

प्रतिसाद ५ : खाडीपलीकडचा, वाशी

बैठकीत थोरो निघालेच तर शब्दाची एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. त्यांचा निबंध १८४९ साली प्रथम छापला गेला तेव्हा त्याचे शीर्षक 'रेझिस्टन्स टू सिव्हिल गव्हर्न्मेंट' असे होते. 'सिव्हिल डिसओबीडियन्स' हे नाव त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ च्या संग्रहात आले. मूळ शीर्षकातील 'सिव्हिल' म्हणजे नागरी शासन. त्यात नम्रतेचा काही संबंध नाही, आणि थोरो फारसे नम्र नव्हतेही. गांधीजींनी १९०७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मधून त्यांची ओळख करून दिली, तथापि आपला प्रतिकार तो निबंध हाती येण्यापूर्वीच सुरू झाला होता, असे १९३५ च्या एका पत्रात त्यांनी स्पष्ट केले. आपण मराठीत सहज 'सविनय कायदेभंग' म्हणतो त्यातील 'सविनय' हे गांधीजींच्या अर्थाने आलेले आहे. इथून तासाभराच्या वाटेवर, उरण तालुक्यातील चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्या गावकऱ्यांनी थोरोंचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही. काकूंना भाषांतर तपासताना हा शब्द अडेल, म्हणून आधीच लिहून ठेवले.